तांबटाच्या पाठीवरचा भोपळा

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, कारण त्या गावात वर्षं मोजायची पद्धतच नव्हती. अमकं घडलं तेव्हा तळ्यात कमळं दाट होती की विरळ, एवढंच लोक सांगत आणि तेवढ्यावर सगळ्यांचं भागत असे.

गाव एका मोठ्या तळ्याच्या काठी होतं. तळं इतकं मोठं की या काठावरून कोणी हाक मारली, तर ती पलीकडे पोचेपर्यंत हाक मारणारा घरी जाऊन जेवायला बसलेला असे. बाराही महिने सकाळी त्या पाण्यावर पांढरं धुकं पसरलेलं असायचं. मधोमध एक बेट होतं आणि बेटावर तळ्याच्या देवीचं, जळाईचं देऊळ. धुक्याच्या वर त्याचा फक्त कळस दिसायचा. काठावर उभं राहून पाहिलं की वाटायचं, देऊळ सावकाश कुठेतरी निघालं आहे आणि आपण मागे राहिलो आहोत.

वर्षातून एकदा, जळाईच्या जत्रेला, गावातले लोक पोहत बेटावर जात. ज्यांना पोहायचं नसे ते होडीतून आधी जाऊन पायरीवर वाट बघत बसत. पोहणारे काही कोणी मोठे मल्ल नव्हते. सुतार, शिंपी, गवळी, माळीण, अशीच सगळी मंडळी. दिवसभर आपापला धंदा करायचा आणि उन्हं कलली की तळ्यात डुंबायचं, एवढाच त्यांचा सराव. जो पहिला बेटाच्या पायरीला हात लावी, त्याला देवीपुढचा एक नारळ मिळे आणि वर्षभर मिशीला पीळ देत हिंडायची मुभा. एका वर्षी माळीण पहिली आली होती. तिने वर्षभर नवऱ्याच्या मिशीला पीळ दिला.

त्या गावात पोरं पोहायला शिकत ती पाठीवर भोपळा बांधून. कडू भोपळा वेलावरच वाळवायचा, आतून पोकळ झाला की दोरीने पाठीला बांधायचा आणि पोराला पाण्यात सोडायचं. भोपळा बुडत नाही, म्हणून पोरही बुडत नाही. पोर धीट झालं की आई त्याला घाटावर उभं करी, कपाळाला कुंकू लावी, विळ्याने तो दोर कापी आणि गावाला गूळखोबरं वाटी. एकदा दोर कापला की पुन्हा भोपळा बांधायचा नाही. मोठं माणूस मागे सरलं, भ्यालं, तर लोक म्हणत, "याने दोर परत बांधला." त्या गावात याहून झोंबणारा टोमणा नव्हता.

याच गावात एक तांबट राहत होता. दिवसभर तांब्याच्या पत्र्यावर हातोडा चालवायचा आणि घागरी, हंडे, पातेली घडवायची. ठोका इतका सारखा पडायचा की शेजारच्या घरातली तान्ही मुलं त्या आवाजावर झोपत. जत्रेत तो तरुणपणापासून पोहत आला होता. पहिला मात्र तो कधीच आला नाही. ते एक माळिणीचं वर्ष सोडलं तर पहिला यायचा गवळी, आणि दुसरा तांबट. दुसरा येण्यात तांबटाचा हात धरणारा कोणी नव्हता.

एका जत्रेला तो असाच गवळ्याच्या मागोमाग निघाला होता. अर्ध्या वाटेवर त्याच्या छातीतला एक ठोका चुकला. मग दुसरा चुकला. मग ठोके असे सैरावैरा पळायला लागले की एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. तांबटाच्या डोळ्यांसमोरचं पांढरं धुकं काळं झालं आणि तो पाण्याखाली गेला. सोबतच्या होडीतल्या नावाड्याने केस धरून त्याला वर ओढला, म्हणून तो वाचला.

वाचला खरा, पण जगायला विसरला. महिना दोन महिने खाटेवर काढून उठला तरी हातोडा हातात घेईना. उजवा हात सारखा छातीवर. आत कोणी परकं माणूस शिरलं आहे आणि ते केव्हा काय करील सांगता येत नाही, तसा तो स्वतःच्याच काळजाचा कानोसा घेत बसे. ओसरीवर बसला तरी तळ्याकडे पाठ करून. जेवताना हसायचा नाही, झोपेत दचकायचा. त्याची बायको हे सगळं बघत होती आणि आतल्या आत सुकत होती.

शेवटी तिने त्याला हाताला धरून वैद्यबुवांकडे नेलं.

वैद्यबुवांनी नाडी धरली आणि डोळे मिटले. ते इतका वेळ मिटलेलेच राहिले की तांबटाच्या बायकोला वाटलं, म्हातारबुवांचा डोळा लागला.

"बुवा?" तिने हळूच हाक मारली.

"ऐकतोय," वैद्यबुवा म्हणाले. "काळीज दमलंय. आणि दमलंय त्याहून जास्त भ्यालंय. दमण्यावर माझ्याकडे काढा आहे. भीतीवर औषध त्या तळ्यात आहे."

तांबट चमकला. "म्हणजे मी पुन्हा पोहू शकेन?"

"पोहशील. पण आज नाही, उद्या नाही. आधी घोट्याएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं, असं जत्रेपर्यंत सरकायचं. आणि एक गोष्ट गाठीला बांध. छाती अडखळली की जिथे असशील तिथे थांबायचं. शंभर श्वास मोजायचे. ठोका जागेवर आला तर पुढे, नाही आला तर नावाड्याला हाक."

"आणि तळ्याच्या मधोमध अडखळली तर? तिथे थांबायचं कसं?"

"भोपळा बांध."

तांबट ताडकन उठला. "बुवा, माझा दोर माझ्या आईने कापलाय. सगळ्या गावासमोर!"

"तेव्हा तुझी छाती धड होती."

"मी जळाईचं लेकरू आहे. माझा तिच्यावर विश्वास आहे. भोपळा बांधून तिच्या पाण्यात उतरलो तर तिला काय वाटेल? याचा माझ्यावर भरवसा नाही, असंच ना?"

वैद्यबुवा खलबत्त्यात काढ्याची मुळी टाकत म्हणाले, "विश्वास आहे ना? बरं झालं. मग सहा महिने तळ्याकडे पाठ करून का बसलायस?"

तांबट घरी आला. रात्री जेवताना म्हणाला, "सकाळी लवकर उठव मला. धुकं दाट असतं तेव्हा. कोणी बघता कामा नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं घाटावर गेली. धुक्यात शेवटची पायरीसुद्धा दिसत नव्हती. बायकोने त्याच्या पाठीवर भोपळा ठेवला, छातीवरून दोर घेतला आणि गाठ मारली. तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि ती पायरीवर बसून त्याचे श्वास मोजायला लागली. पंधरा दिवस हेच. घोट्याएवढ्या पाण्यात भोपळा बांधून उभा असलेला पन्नाशीचा माणूस! धुकं होतं म्हणून बरं, नाहीतर माशांनीसुद्धा हसून घेतलं असतं.

मग गुडघे, मग कंबर. एके दिवशी कमरेएवढ्या पाण्यात छाती अडखळली. तांबट पांढराफटक होऊन बाहेर आला, घरी गेला आणि चार दिवस उंबऱ्याबाहेर पडला नाही. "संपलं," म्हणाला. "माझं पोहणं संपलं." पाचव्या दिवशी सकाळी बायकोने भोपळा काखेत घेतला आणि एकटीच घाटावर जाऊन बसली. बऱ्याच वेळाने धुक्यातून पावलं वाजली.

"भोपळा न्यायला आलोय," तांबट म्हणाला.

"न्या की," ती म्हणाली, आणि भोपळा त्याच्या पाठीला बांधून मोकळी झाली.

असा एकेक हात तो पुढे सरकला. पहिल्या कमळापर्यंत, मग नावाडी होडी बांधतो त्या खुंटापर्यंत, मग त्याच्याही पलीकडे. कधी आठवडा वाया जाई, कधी दोन दिवसांत खूप होई. हळूहळू हातोडाही हातात आला. ठोका अजून पहिल्यासारखा पडत नव्हता, पण पडत होता. आणि जत्रा आली तेव्हा तांबट बेटाचा अर्धा पल्ला गाठून परत येत होता.

जत्रेच्या सकाळी घाटावर ही गर्दी. ढोल वाजत होता, पोहणारे अंगाला तेल लावत होते. त्यात तांबट आला, पाठीवर भोपळा बांधून.

क्षणभर ढोलसुद्धा थांबला. मग जो हशा पिकला तो पार कळसापर्यंत गेला असेल. सगळ्यात मोठ्याने हसला तो गवळी.

"काय रे तांबटा," तो ओरडला, "तुझ्या आईला वर निरोप धाडू काय? म्हणावं, पोराचा दोर कापायचा राहिलाय, तेवढा विळा घेऊन ये!"

तांबटाचे कान लाल झाले. सहा महिने धुक्यात जे लपवलं ते आज उघड्यावर आलं होतं. त्याचा हात आपोआप छातीवरच्या गाठीकडे गेला. एक हिसडा दिला असता, तर भोपळा खाली पडला असता आणि तो पुन्हा सगळ्यांसारखा झाला असता.

होडीत चढता चढता बायको थांबली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सोडायचा असेल तर सोडा. पण मग मी बेटावर येत नाही. मागच्या खेपेला तुमचे निळे ओठ मी बघितलेत. पुन्हा मला ते बघायला बोलावू नका."

तांबटाने हात खाली घेतला आणि पाण्यात उतरला.

पाण्यात उतरल्यावर हसू मागे राहिलं. धुकं सगळ्यांना गिळून बसलं होतं. कोण कुठे आहे ते दिसत नव्हतं, फक्त पाणी कापल्याचे आवाज येत होते. तांबटाचे हात सरावाने पडत होते. त्याने शिंप्याला मागे टाकलं, मग सुताराला, मग माळिणीला. सहा महिने घोट्याघोट्याने जमवलेलं बळ आज अंगात होतं. कमळाची पानं गालाला घासून जात होती, कुठूनतरी देवळातली घंटा ऐकू येत होती, आणि आपण पोहत नसून झोपेत कुठेतरी चाललो आहोत असं त्याला वाटत होतं.

आणि एकदम धुक्यातून समोर दोन टाचा दिसल्या. गवळ्याच्या टाचा!

गवळी दमला होता. त्याचे हात जड पडत होते. तांबटाच्या इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. बेट दोनशे हातांवर होतं. तांबटाने जोर लावला आणि तो गवळ्याच्या खांद्याला भिडला.

तेवढ्यात छातीतला एक ठोका चुकला.

"आता नको," तांबट मनात म्हणाला. "आई जळाई, एवढं निभावून ने. एवढंच. दोनशे हात."

आणि हे शब्द मनात उमटताच त्याला आठवलं. मागच्या वर्षीही तो हेच म्हणाला होता. अगदी हेच. ठोका चुकलेला त्याला तेव्हाही कळला होता, तरी देवीवर भार टाकून तो तसाच रेटत गेला होता. ही गोष्ट त्याने वैद्यबुवांना सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. तळ्याने आपल्याला दगा दिला असंच तो वर्षभर सांगत आला होता आणि स्वतःलाही तसंच समजावत आला होता.

दुसरा ठोका चुकला.

तांबटाने हात थांबवले. तो पाठीवर वळला, भोपळा मानेखाली घेतला आणि पाण्यावर पडून राहिला. गवळ्याच्या टाचा धुक्यात दिसेनाशा झाल्या.

एक, दोन, तीन.

दहाव्या श्वासाला माळीण आली. "तांबटभाऊ, नावाड्याला हाक मारू का?"

"नको. मोजतोय. तू हो पुढे."

विसाव्याला सुतार गेला, तिसाव्याला शिंपी. शिंपी तर आजवर कधी कोणाच्या पुढे गेला नव्हता. तो जाताना अवघडून म्हणाला, "येतो हं." तांबटाच्या डोळ्यांत पाणी आलं. असं हाताशी आलेलं सोडणं किती जड असतं, ते ज्याने सोडलं त्यालाच ठाऊक.

पन्नासच्या पुढे आवाज थांबले. सगळे निघून गेले होते. तांबटाचे कान पाण्याखाली होते आणि तिथे एक वेगळंच गाव जागं होतं. तळाशी कुठेतरी पाणी गुणगुणत होतं. देवळातली घंटा पाण्यातून येताना लांबलचक होऊन येत होती. मासे त्याच्या बोटांशी येऊन थांबत होते. वर धुकं विरळ होऊन त्यात ऊन मिसळत होतं. इतकी वर्षं तो या तळ्यावरून गेला, पण तळ्याचा हा मध्य त्याने कधी पाहिलाच नव्हता.

सत्तराव्या श्वासाला कोणीतरी बोललं. जळाई बोलली की त्याचंच मन बोललं, हे मला विचारू नका. तांबटाने ते कधी सांगितलं नाही.

"दर वर्षी माझ्या अंगावरून धावत जातोस. आज टेकलास होय?"

"मी हरलो, आई."

"कुठे यायला निघाला होतास?"

"तुझ्याकडे."

"मग कोणाच्या मांडीवर पडलायस?"

खाली अथांग पाणी होतं आणि ते त्याला सहज उचलून धरत होतं. वर्षभरात पहिल्यांदा आडवा पडूनही त्याचा हात छातीवर नव्हता. दोन्ही हात पाण्यावर मोकळे पसरले होते.

"इथेच राहू का?" त्याने विचारलं.

"पायरीवर तुझी बायको बसलीय. तिचे शंभर केव्हाच मोजून झाले. ऊठ."

शंभराव्या श्वासाला ठोका जागेवर आला होता. तांबट वळला आणि हळूहळू पोहायला लागला. पायरी दिसायला लागली तेव्हा छाती पुन्हा एकदा अडखळली. तो पुन्हा थांबला, पायरी डोळ्यांसमोर असताना. पुन्हा शंभर मोजले. नावाडी होडी घेऊन जवळ आला, पण तांबटाने मानेनेच नको म्हटलं. ठोका पुन्हा जागेवर आला होता.

त्याने पायरीला हात लावला तेव्हा धुकं उठलं होतं आणि लोकांचा प्रसाद खाऊन झाला होता. तो सगळ्यांत शेवटचा होता.

बायको पाण्यात दोन पायऱ्या उतरून उभी होती. "किती वेळा थांबलात?"

"दोनदा."

"मी पाच वेळा शंभर मोजले," ती म्हणाली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग तांबटही रडला. आनंदाचं रडू होतं ते, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

जरा वेळाने गवळी तिथे आला. हातात नारळ होता, पण मिशीला पीळ नव्हता. तोंड उतरलेलं. तो तांबटाशेजारी पायरीवर बसला आणि बराच वेळ नारळाची शेंडी ओढत राहिला.

"तांबटा," तो हळू आवाजात म्हणाला, "असला भोपळा थोरल्या मापाचा मिळंल का कुठं?"

"कोणाला हवाय?"

"मला."

तांबटाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"दोन वर्सं झाली," गवळी म्हणाला. "पाण्यात जोर लावला की छातीत कळ उठती आन् डाव्या हातात उतरती. घरात कुणाला बोललो न्हाई. आज तू खांद्याला भिडलास तवा तर डोळ्यांपुढं अंधारीच आली. म्हटलं, हा थांबला तर मी थांबतो. आन् तू थांबलास की रं! मला थांबाया जागाच न्हवती. पाठीवर काय न्हवतं. खाली निस्तं पाणी. कसा आलो ते माझं मला ठावं. सकाळी मी लई हसलो तुला. ज्याला भ्या वाटतं त्योच लई हसतो बघ."

तांबटाने आपल्या छातीवरची गाठ सोडली आणि भोपळा गवळ्याच्या मांडीवर ठेवला.

"आधी वैद्यबुवांकडे," तो म्हणाला. "मग घोट्याएवढं पाणी. सकाळी लवकर ये, मी येतो सोबत."

"लोक बघतील."

"बघू दे."

पहिल्या आलेल्याने बेटावरून पोहतच परत जायचं, असा त्या गावात मान होता. त्या दिवशी पहिल्यांदाच मानकरी होडीतून परतला, एका मांडीवर नारळ आणि दुसऱ्या मांडीवर भोपळा घेऊन. होडीत वैद्यबुवाही होते. त्यांनी वाटेतच त्याची नाडी धरली आणि डोळे मिटले.

पुढच्या जत्रेला घाटावर पाच मोठ्या माणसांच्या पाठीवर भोपळे होते. तांबट, गवळी आणि वर्षानुवर्षं आपापलं दुखणं पोटात ठेवून पोहणारे आणखी तिघं. कोणी हसलं नाही. त्या दिवशी तळ्यात कोण कुठे थांबलं, कोणी किती श्वास मोजले, याचीच चर्चा जास्त झाली. पाचही जण पायरीला पोचले. नारळ माळिणीने नेला.

तात्पर्य: देवावर भार टाकावा, पण आपला दोर आपण घट्ट बांधून, आणि जो दम घ्यायला थांबतो आणि पुन्हा निघतो, त्याची वाट कधी संपलेली नसते.